कटऑफ आधी खाली घे

प्रिय मनू,

फाईल मिळाली. फुकटवालं व्हायटल (कॉम्प्युटरवरचा सिंथेसायझर) माझ्याकडेपण आहे, त्यामुळे तुझा प्रीसेट, म्हणजे सेव्ह केलेला आवाज, जसाच्या तसा उघडला. तू म्हणतेस एन्व्हलप (नोट दाबली की एखादा नॉब आपोआप वर-खाली नेणारा) लावलाय तरी बेस सपाटच वाजतो. अगं वाजणारच, कटऑफ तू पार वर नेऊन ठेवलायस, लोपास फिल्टर (कटऑफच्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) आधीच सताड उघडा, मग एन्व्हलप 2 त्याला अजून कुठे ढकलणार? कटऑफ खाली आण, आवाज गोधडीतून आल्यासारखा दबला पाहिजे, तो इतका खराब वाटेल की तुला परत वर न्यावंसं वाटेल, पण नेऊ नकोस. आता एन्व्हलप 2 चा ॲटॅक (चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (नोट धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य, डिके (उतरायचा वेळ) 250 मिलिसेकंदच्या आसपास आणि मग अमाउंट, म्हणजे तो कटऑफला किती ढकलतो ते, वाढवत जा. नोट दाबली की "ट्यांव" करून उघडेल आणि बंद होईल. एन्व्हलप 1 ला हात लावू नकोस, तो व्हॉल्यूमचा आहे.

रेझोनन्स मात्र तू उगाच चढवलायस. तो कटऑफजवळच्याच फ्रिक्वेन्सी उचलून धरतो, आणि बऱ्याच फिल्टरमधे तो वाढवला की खालचा बेस पातळ होतो, तुझा तसाच झालाय. तो नेमकं काय करतो ते ऐकायचंय? साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) घे, 110 हर्ट्झचा खालचा ए दाबून धर, रेझोनन्स भरपूर दे (हेडफोनचा आवाज आधी कमी कर, कान फुटतील) आणि कटऑफ अगदी हळूहळू वर ने. 220, 330, 440, 550 असे एकेक हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर, 110 हा पहिला) सुटे ऐकू येतात. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडता गंधार येतो ना, तो हाच पाचवा, 550 वाला. गाण्याच्या क्लासला इतकी वर्षं गेलीस, तुला लगेच सापडेल.

मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 मधे रोलँडचा टीबी-303 हा बेस सिंथेसायझर वापरून रागांची रेकॉर्ड काढली, त्यावर फिल्टरचे मुख्य नॉब म्हणजे कटऑफ, रेझोनन्स, एन्व्ह मॉड (तुझा अमाउंटच) आणि डिके, बास. तुझ्या स्क्रीनवर शंभर गोष्टी दिसतात म्हणून सगळ्या फिरवायच्या नसतात गं!

फिल्टरचा उतार 12 डीबी ठेवू की 24 डीबी, असं विचारलंस. 24 म्हणजे कटऑफच्या एक ऑक्टेव्ह वरचा आवाज साधारण 24 डीबीनं पडतो, 12 मधे त्याच्या निम्म्यानं. बेसला मी 24 ठेवीन, पॅडला (मागे लांब धरलेल्या सुरांना) 12, बाकी तुझा कान. आणि वरच्या नोटा मंद वाटतात ती तक्रार "की ट्रॅक" नावाच्या नॉबची आहे, तुझा शून्यावर आहे. 100 टक्के केलास की नोट जेवढी वर जाईल तेवढाच कटऑफ वर सरकतो. लीडला (मुख्य चाल वाजवणाऱ्या आवाजाला) कर, बेसला राहू दे.

प्रीसेट नव्या नावानं सेव्ह कर, जुना उडवू नकोस, आणि मला दोन्ही पाठव.

बाबा