शिक्षणावर मारलेली काट

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा रेझ्युमे काल रात्री उघडला. चुका शोध म्हणाला होतास म्हणून चष्मा पुसून बसले, पण शोधावं लागलंच नाही. 'एज्युकेशन' या मथळ्याच्या बरोब्बर पोटातून एक निळी रेघ गेली होती. म्हणजे स्वतःच्या शिक्षणावर तूच काट मारलेली!

तुझ्या लॅपटॉपवर ती मथळ्याखाली नीट बसली असणार, माझा विश्वास आहे. पण ती तू 'इन्सर्ट'मधल्या 'शेप्स'मधून ओढली आहेस. तशी रेघ म्हणजे कागदावर वरून ठेवलेली काडी. तू वापरलेला फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर नाही, वर्डने आपल्या मनाने दुसरा लावला, मजकूर खाली सरकला आणि काडी जिथल्या तिथे राहिली. उद्या मुलाखत घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती कुठे जाऊन बसेल, कोण सांगणार?

'एक्स्पीरियन्स'खाली तू अंडरस्कोअर दाबत दाबत पानभर रेघ केली आहेस. ही खोड माझ्याकडून आलेली. टाइपरायटरवर आम्ही रेघा अशाच मारायचो. तिथे ते खपायचं, कारण एकदा उमटलेली ओळ हलत नाही. वर्डच्या लेखी मात्र ती रेघ नाहीच, सत्तर-ऐंशी अक्षरं आहेत. समास थोडा वाढवला की शेवटची चार खालच्या ओळीवर येऊन पडतात. तुझी पडलीच आहेत, पाहा.

राहता राहिली ती तीन हायफनची जादू. रिकाम्या ओळीवर तीन हायफन टाइप करून एंटर मारला की वर्ड आपोआप पानाच्या रुंदीची बारीक रेघ आखतं. तीन अंडरस्कोअर टाकले तर जाड, तीन बरोबरच्या चिन्हांनी दुहेरी, तीन तारकांनी (*) ठिपक्यांची. ही युक्ती मला आवडते. फक्त ही रेघ म्हणजे काय ते ठाऊक हवं, नाहीतर ती छळते. माऊसने ती पकडता येत नाही, डिलीट दाबून जात नाही, आणि तिच्यावरच्या ओळीत एंटर मारला तर आणखी खाली पळते. मी एकदा अर्धा तास तिच्यामागे धावले आहे. कारण ती वेगळी वस्तूच नसते. वरच्या परिच्छेदाची ती खालची किनार असते, साडीच्या काठासारखी. परिच्छेद वाढला की काठही खाली जाणारच. नको असेल तर कर्सर वरच्या ओळीत ठेवायचा आणि 'होम'मधल्या 'बॉर्डर्स'च्या बाणावर जाऊन 'नो बॉर्डर' निवडायचं. नुकतीच उमटली असेल तर कंट्रोल झेड पुरे, तीन हायफन परत मिळतात.

हे एकदा कळलं की हायफनचीही गरज उरत नाही. तुझ्या सगळ्या मथळ्यांना आधी 'हेडिंग 1' ही स्टाइल लाव. मग एकाच मथळ्याला 'बॉर्डर्स'मधून 'बॉटम बॉर्डर' दे, रंग-जाडी मनासारखी कर, आणि वर 'स्टाइल्स'मध्ये 'हेडिंग 1'वर राइट क्लिक करून 'अपडेट हेडिंग 1 टू मॅच सिलेक्शन' म्हण. सगळ्या मथळ्यांखाली एकसारखी रेघ येते. पुढे रंग बदलावासा वाटला तर एकदाच बदलायचा. मजकूर वाढो, फॉन्ट बदलो, रेघ मथळ्याला सोडून जात नाही.

जाडी अर्धा पॉइंट ठेव, फार तर एक. (इंचाचे 72 पॉइंट होतात, म्हणजे अर्धा पॉइंट किती नाजूक ते बघ.) रेघ मथळ्याला चिकटल्यासारखी वाटली तर 'बॉर्डर्स अँड शेडिंग'च्या 'ऑप्शन्स'मध्ये मजकुरापासूनचं अंतर वाढवता येतं. कधी मराठीत रेझ्युमे करायची वेळ आली तर हे विसरू नकोस. आपल्या अक्षरांना डोक्यावर शिरोरेषा असतेच. खाली ही दुसरी फार जवळ आली तर 'कौटुंबिक'मधला उकार तिच्यात अडकतो.

मथळ्याच्या वर मोकळी जागा जास्त सोड आणि खाली कमी. तू उलट केलं आहेस, त्यामुळे प्रत्येक मथळा वरच्या भागाचं शेपूट वाटतो. खरं सांगू? ही जागा नीट सोडलीस तर निम्म्या रेघांची गरजच पडणार नाही.

आणि 'हॉबीज'खालची ती नागमोडी रेघ काढ. एका पानावर चार तऱ्हेच्या रेघा म्हणजे निमंत्रणपत्रिकेचा नमुना. वाचणाऱ्याचं लक्ष तुझ्या कामाकडे जायला हवं. ते काम तू छान लिहिलं आहेस, विशेषतः दुसऱ्या प्रोजेक्टबद्दल.

सुधारलेली प्रत पीडीएफ करून पाठव, म्हणजे माझ्याकडे काही सरकणार नाही.

तुझी,
आई

ता. क. सगळ्यात शेवटी, पानाच्या तळाशीही एक रेघ आहे. तिच्याखाली काहीच नाही. ती कुणाला कुणापासून वेगळं करतेय?