स्ट्रेस म्हणजे नक्की कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संरक्षण खात्याकडून विद्यापीठांना मिळणाऱ्या रिसर्च ग्रँटवरचा लेख वाचला. चांगला होता, पण त्यातलं एक वाक्य डोक्यात गेलं. वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक एकत्र आले की निधी मिळणं सोपं जातं, अशा अर्थाचं काहीतरी होतं. अहो, एकत्र तर लोक लिफ्टमध्येपण येतात!

मी मानसशास्त्रवाली, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवते आणि अशा अर्जाच्या टीममध्ये दोनदा होते म्हणून हा पत्रप्रपंच. आम्ही अर्ज केला तो मुरीला, म्हणजे मल्टीडिसिप्लिनरी युनिव्हर्सिटी रिसर्च इनिशिएटिव्ह. तिथलं संरक्षण खातं ही योजना १९८५ पासून चालवतंय, नेव्ही, आर्मी नि एअर फोर्स अशा तिघांची रिसर्च ऑफिसं मिळून, आणि ती आहेच मुळी एका विषयाच्या माणसाला न झेपणाऱ्या प्रश्नांसाठी. विषयांची यादी निघते, प्रत्येक विषयाला एक टॉपिक चीफ असतो, त्याचं नाव नि ईमेल तिथंच छापलेलं असतं. आधी चार-पाच पानांचा व्हाइट पेपर, म्हणजे कल्पनेचा थोडक्यात आराखडा, पाठवायचा, तो बघून ते सांगतात की पूर्ण प्रपोजल लिहा किंवा नका लिहू. २०२३ च्या घोषणेत एका टीमला सरासरी ७५ लाख डॉलर होते, पाच वर्षांसाठी. एवढा आकडा दिसला की कॉरिडॉरमध्ये कधी ओळखही न दाखवणारे लोक अचानक कॉफीला बोलावतात, मलाही तसंच बोलावलं होतं.

पहिल्यांदाची गंमत ऐका. विषय होता अंगावर घालायचं सेन्सरवालं कापड आणि त्यावरून माणसाची थकावट ओळखता येते का, हा. मटेरियलवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले तीन महिने लिहीत होते आणि मला फोन आला डेडलाइनच्या नऊ दिवस आधी. "मॅडम, ह्युमन साइडवर दोन पॅरा द्या ना, टीममध्ये सायकॉलॉजी दिसली पाहिजे." दिसली पाहिजे! मीही मूर्ख, दिले दोन पॅरा, वर सीव्ही जोडला. ते शेवटच्या पानावर चिकटवले गेले. पाठवल्यानंतर मी अख्खा व्हाइट पेपर पहिल्यांदा नीट वाचला तर पहिल्या पानावर स्ट्रेस मेगापास्कलमध्ये, म्हणजे कापडावर पडणारा यांत्रिक ताण, आणि शेवटच्या पानावर स्ट्रेस म्हणजे माणसाच्या मनावरचा ताण, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वगैरे. एकच शब्द, दोन अर्थ, आणि मधे कुणी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही की यांचा एकमेकांशी संबंध काय. आम्हाला कळलं नाही पण वाचणाऱ्याला कळणारच की. उत्तर आलं, पूर्ण प्रपोजल लिहिण्याची शिफारस करता येत नाही.

तरी मटेरियलवाल्या सरांना याचं श्रेय देईन, ते रुसून बसले नाहीत. पुढची यादी निघायच्या बरंच आधी, कुठला कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी घोषणा, नाही काही नाही, त्यांनी दर दुसऱ्या शुक्रवारी एक तास बसायचं ठरवलं. पहिल्याच शुक्रवारी फळ्यावर लिहिलं, स्ट्रेस बरोबर बल भागिले क्षेत्रफळ. मी म्हटलं, सर, मग मी माझ्या पार्टिसिपंटचं क्षेत्रफळ मोजू का? सगळे हसले. मग ते शांतपणे म्हणाले, ठीक आहे, तुमचं युनिट काय, आणि तुमचं माप किती वेळाने येतं?

इथं मी अडकले. कारण लाळेतलं कॉर्टिसॉल ताण आल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी सगळ्यात वर जातं, आणि त्यांचं कापड सेकंदाला शेकडो रीडिंग देतं. म्हणजे त्यांचा सिग्नल आत्ताचा आणि माझा अर्ध्या तासापूर्वीचा, मग दोन्ही एका ग्राफवर टाकून जुळतंय म्हणायचं तर कुठला बिंदू कुठल्या बिंदूशी लावायचा? शिवाय प्रत्येक माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, ते वेगळंच. त्या दिवशी तासाचे अडीच तास झाले. आणि तिथं आमचा खरा प्रश्न सापडला, कापड आणि मन हे बाजूला राहिलं, वेगवेगळ्या वेगाने बोलणारी दोन मापं एकमेकांशी जोडायची कशी हा प्रश्न, जो ना त्यांच्या एकट्याचा होता ना माझा. मग स्टॅटिस्टिक्सवाली एक सहकारी आली, आणि ती आली कारण तिच्यावाचून अडलं होतं, यादीत नाव वाढवायला नाही. हा फरक रिव्ह्यूअरला पहिल्या पानात कळतो असं माझं मत आहे.

लिहिताना आम्ही जॉर्ज हाइलमायरचे प्रश्न समोर ठेवले. हे गृहस्थ १९७५ ते १९७७ डार्पाचे, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे, प्रमुख होते, आणि त्यांची प्रश्नांची यादी अजून तिथं वापरतात. तुम्हाला काय करायचंय ते अजिबात जडजंबाल शब्द न वापरता सांगा, आज ते कसं करतात, तुमच्यात नवीन काय, जमलं तर कुणाला फरक पडेल, धोका काय, खर्च किती, वेळ किती, आणि जमतंय की नाही हे मधे नि शेवटी कसं तपासणार. पहिल्याच अटीवर आमचे सहा आठवडे गेले. एकाने दुसऱ्याचा भाग मोठ्याने वाचायचा, अडला की टेबलावर थाप. माझ्या भागावर सगळ्यात जास्त थापा पडल्या हे नम्रपणे नमूद करते.

आणखी एक, टॉपिक चीफला आधी विचारायला आपले लोक फार लाजतात, वशिला लावल्यासारखं वाटतं त्यांना. अहो, त्यासाठीच तर त्याचं नाव छापलेलं असतं. कॉलमध्ये दिलेल्या नियमात बसून, एक पानभर कल्पना पाठवून हा तुमच्या विषयात येतो का एवढं विचारायचं. आम्ही विचारलं तर उत्तरात दोनच ओळी आल्या, पण त्यामुळे प्रपोजलचा अर्धा भाग आम्ही काढून टाकला, कारण तो भाग तयार वस्तू बनवण्याकडे झुकत होता आणि मुरी मूलभूत संशोधनाला पैसे देते.

कंटाळवाणी कामं पण सांगते कारण लेखात ती नव्हती. माणसांवर प्रयोग असेल तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी पुरत नाही, संरक्षण खात्याचं स्वतःचं ऑफिस ती वेगळी तपासतं, त्याआधी एकाही पार्टिसिपंटला हात लावायचा नाही. हे वेळापत्रकात धरलं नाही तर पहिल्या वर्षाचे कित्येक महिने नुसते फॉर्म भरण्यात जातात, आणि इंजिनिअर मंडळींना हे माहीतच नसतं कारण कापड कधी संमतीपत्रावर सही मागत नाही. दुसरं म्हणजे बाहेरच्या देशातले विद्यार्थी. रेगन सरकारचा १९८५ चा एक निर्देश आहे, एनएसडीडी-१८९, त्यानुसार मूलभूत संशोधनाचे निकाल शक्यतो खुलेच राहिले पाहिजेत, आणि त्याच्या जोरावर विद्यापीठं असे विद्यार्थी घेतात. पण करारात प्रकाशनाआधी परवानगी घ्या असं कलम घुसलं की ही खुलेपणाची सवलत धोक्यात येते, म्हणून सही करायच्या आधी ग्रँट ऑफिसमधल्या बाईंना एकदा तरी जेवायला न्या, त्यांना सगळं माहीत असतं.

बजेटवरून मात्र आमची खरी भांडणं झाली. सगळ्यांना सारखे पैसे वाटू म्हणजे कुणी नाराज नको, असं एकाचं म्हणणं. मला ते चुकीचं वाटतं. सारखं वाटलं की प्रत्येकजण आपापल्या लॅबमध्ये परत जातो आणि वर्षाच्या रिपोर्टला भेटतो. आम्ही शेवटी दोन विद्यार्थी असे ठेवले की ज्यांचे गाइडच दोन, एक मटेरियलचा आणि एक मी. त्यांचे हाल होणार आहेत हे मान्य.

आमच्यातला एक जण मध्येच बाहेर पडला, सैन्याचे पैसे नकोत म्हणाला. मला ते प्रामाणिक वाटलं. हे पहिल्या बैठकीतच मोकळेपणाने विचारायला हवं होतं, सातव्या बैठकीत नाही. ती चूक माझी, कारण सगळ्यांना गृहीत धरणारी मीच होते.

आपल्याकडे डीआरडीओची एरोनॉटिक्स, नेव्हल, आर्मामेंट, लाइफ सायन्सेस अशी बोर्डं विद्यापीठांना प्रकल्प देत आलीच आहेत. तेव्हा पुढच्या लेखासाठी एक विनंती. ज्यांना अशी ग्रँट मिळाली त्यांना रक्कम जरूर विचारा, पण टीममधली सगळ्यात वेगळ्या विषयाची व्यक्ती कितव्या बैठकीपासून होती तेही विचारा.

आमच्या दुसऱ्या व्हाइट पेपरला पूर्ण प्रपोजल लिहा असं उत्तर आलं, ते पाठवून झालंय, निकाल यायचाय. शुक्रवारची बैठक चालू आहे. फळ्यावर सध्या 'फटीग', म्हणजे थकवा, हा शब्द आहे आणि धातूचा की माणसाचा यावर अजून एकमत नाही.

आपली,
एक नियमित वाचक