ऑगस्टीनच्या आईवरून पुन्हा भांडण

प्रिय सुमे,

इतके दिवस गप्प बसले म्हणून शिव्या घालायच्या त्या नंतर घाल. गुडघे ठीक, साखर जरा वर. झालं.

आईच्या वर्षश्राद्धाला दादा पुस्तिका काढतोय, लेख माझ्या गळ्यात. लिहायला बसले की आई जात्यावर बसून ओव्या म्हणायला लागते. आमची आई! मिक्सर बिघडला की घर डोक्यावर घेणारी!

म्हणून संत ऑगस्टीनचं आत्मचरित्र काढलं, त्याने आईबद्दल कसं लिहिलंय ते बघायला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या किनाऱ्यावर त्याची आई मोनिका त्याला सोडत नाही. हा थाप मारतो, मित्राला निरोप द्यायला आलोय म्हणून. ती रात्रभर संत सिप्रियनच्या स्मारकात प्रार्थना करते, हा रोमच्या जहाजात. साल 383. सकाळी किनाऱ्यावर तिचा आकांत. व्हर्जिलच्या महाकाव्यात राणी डायडोला टाकून नायक ईनियस पळाला तेही हेच कार्थेज, आणि डायडोसाठी लहानपणी रडल्याचं ऑगस्टीन स्वतःच सांगतो. तू कॅन्टीनमध्ये म्हणाली होतीस, योगायोग. अजूनही चूकच आहेस. (ईनियसचीच वकील तू. देवाची आज्ञा म्हणे!)

पुढे ती समुद्र-जमीन पालथी घालत मिलानला येते. व्हर्जिलच्या नवव्या सर्गातली, ईनियसच्या सैन्यातल्या पोरगेल्या युरायलसची आई आठव. बाकीच्या आया सिसिलीत राहिल्या, ही एकटी मुलामागे आली. हातातला धोटा गळतो, तटावर धावते, समोर भाल्यावर पोराचं डोकं. मोनिकेला मात्र पोरगा जिवंत मिळतो, 387 मध्ये बाप्तिस्माही घेतो. युरायलसची आई प्रेताच्या अंत्यविधीसाठी तळमळते. मोनिकेने नवऱ्याशेजारी थडग्याची जागा राखली होती, पण रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात मरताना म्हणते, देह कुठेही पुरा.

पण सुमे, किनाऱ्यावरचा आकांत त्याने पाहिला कुठे? तो तर जहाजात होता! तिने नंतर सांगितला असेल, नाहीतर व्हर्जिलने. मग तिचं स्वतःचं काय उरलं? याच विचाराने झोप उडालीय.

एक सापडलं. लहानपणी मोनिकेला पिंपातून वाइन काढायला पाठवलं की ती हळूच घोट घ्यायची. घोटाचे पेले झाले, शेवटी दासी तोंडावर म्हणाली, बेवडी! ही कुठल्या महाकाव्यातली नायिका?

आईचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आठवतो ना, ट्रंकेतला? तू आणि मीच जाणतो. लेखात घालू का? दादा भडकेल, नातेवाईक तोंडं वाकडी करतील.

तुझ्या बदलीचं काय झालं? निखिलला सून आवडली का, म्हणजे तुला? घाईत आहे. डब्याचं आधी कळव.

तुझी,
नंदा