कॉफीच्या पानासाठी पारा कशाला?

संपादक महोदय,

उती संवर्धनासाठी, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यांपासून प्रयोगशाळेत रोपे वाढवण्यासाठी, कॉफीच्या पानाचे तुकडे निर्जंतुक करायला काही महाविद्यालयांत अजून मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे विषारी संयुग वापरतात. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी उभी नोकरी गेली, म्हणून गप्प बसवत नाही. हल्लीच एके ठिकाणी प्रात्यक्षिक बघायला गेले होते. पाने त्या द्रावणातून काढली आणि उरलेले द्रावण एका मुलीने सरळ बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडला. तिला कोणी अडवले नाही. तिला तरी काय बोलणार? प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत विल्हेवाटीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

द्रावण ०.१ टक्काच असते, हे खरे. पण पारा कुजत नाही, आणि सांडपाण्याबरोबर तो खाडीपर्यंत जाऊ शकतो. खाडीच्या चिखलातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठतो आणि लहान माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत वाढत जातो. मांडवी-जुवारी नद्यांचे मासे ज्यांच्या ताटात रोज असतात, त्या आपण तरी हे हलक्यात घेऊ नये. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे.

पाऱ्याशिवाय बुरशी आटोक्यात येत नाही, असे उत्तर मिळते. आपल्या पावसाळ्यात बुरशीचा जाच मोठा, हे मान्य. पण अरेबिका कॉफीच्या पानाची पाठ एकदा भिंगातून पाहावी. मधल्या शिरेला बाजूच्या शिरा मिळतात त्या बेचक्यांत बारीक खळगे असतात; डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट) त्यांत आसरा घेतात. तिथे हवेचा बुडबुडा अडकला की कितीही जहाल द्रावण आत पोचत नाही. म्हणून द्रावणात ट्वीन-२० या द्रावण नीट पसरवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचे एक-दोन थेंब घालावेत, पाने हलवत राहावे आणि तुकडे कापताना मधली शीर, कडा, देठाकडचा व टोकाकडचा भाग टाकूनच द्यावा. पानही कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) ओल्या झाडाचे नको. आडोशाच्या कुंडीतले, वरून पाणी न मारलेल्या रोपाचे, कोवळे पण पूर्ण उघडलेले घ्यावे. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

पुढे साबणाच्या पाण्याने धुणे, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे १ टक्का द्रावणात १५ ते २० मिनिटे आणि मग लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या, पाण्याने तीनदा धुणे. वेळ उगाच वाढवली तर तुकडे तपकिरी पडून मरतात. हायपोक्लोराइट ताजे हवे. खिडकीच्या उन्हात महिनोन्‌महिने ठेवलेल्या बाटलीत दम राहत नाही, आणि मग पाराच बरा म्हणून सगळे परत त्याच्याकडे वळतात.

हे तंत्र मुलांनी शिकायलाच हवे. संकरित कॉफीचे बी पेरले तर मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. पानाच्या पेशींपासून भ्रूण तयार करून मात्र सारखी रोपे मिळतात.

विभागप्रमुखांना कळकळीची विनंती: येत्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी पुस्तिकेतून मर्क्युरिक क्लोराइड काढावे आणि कपाटातल्या जुन्या बाटल्या चिठ्ठी लावून, घट्ट बंद करून घातक कचऱ्याच्या परवानाधारक यंत्रणेकडे द्याव्यात.

— एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, फोंडा