ओळखीचे शब्दच फसवतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेक्सपिअरच्या नाटकांतील अवघड शब्दांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. त्यात राहून गेलेली एक बाब मांडण्यासाठी हे पत्र. लेखात घेतलेले शब्द पाहताक्षणीच अनोळखी वाटणारे आहेत. असा शब्द आला की वाचक आपणहून कोश उघडतो. फसगत होते ती रोजच्या वापरातल्या शब्दांत, कारण तिथे थबकावे असे काही दिसतच नाही.

‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात वडिलांचे भूत राजपुत्राला खुणावते, होरेशिओ आणि मार्सेलस त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की, मला जो ‘लेट’ (let) करील त्याचेच मी भूत करीन. ‘जाऊ देणे’ हा आजचा अर्थ घेतला, तर वाट मोकळी करून देणाऱ्यालाच हॅम्लेट मारायला निघाला, असे होईल. वस्तुतः त्या काळी याच रूपाचे दुसरे एक क्रियापद प्रचारात होते आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘अडवणे’ असा होता. हा अर्थ पुरता लोपलेला नाही. आपल्या भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यातील ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या शब्दांत तो आजही आहे.

‘प्रेझेंटली’चेही तेच. ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्पेरो आज्ञा देतो, एरिअल ‘प्रेझेंटली?’ असे विचारतो आणि उत्तर मिळते की, हो, पापणी लवायच्या आत. इथे ‘थोड्या वेळाने’ हा अर्थ घेतला तर संवादाला अर्थच उरत नाही. ‘ताबडतोब’ घेतला की सगळे जुळते.

काही शब्द मात्र तेव्हाच्या प्रेक्षकांनाही परके होते, आणि ते तसे असावेत हाच नाटककारांचा हेतू होता. शेक्सपिअरचे समकालीन नाटककार मिडलटन आणि डेकर यांच्या १६११ साली छापलेल्या ‘द रोअरिंग गर्ल’ या नाटकात चोर-भामट्यांची सांकेतिक बोली येते. ती सरदारमंडळींना कळत नाही आणि नाटकाची नायिका मॉल त्यांना ती उलगडून सांगते. अशा ठिकाणी तळटिपेने घाईने अर्थ सांगून टाकला, तर प्रसंगातली गंमतच जाते.

‘द टेम्पेस्ट’मधला कॅलिबन खडकावरून आणून देईन म्हणतो त्या ‘स्कॅमेल’चा अर्थ तर अजून निश्चित झालेला नाही. कोणी तो समुद्रपक्षी मानतात, तर कोणी १६२३च्या छापील प्रतीतील मुद्रणदोष. विद्यार्थ्यांच्या टिपांमध्ये यांपैकी एकच अर्थ ठामपणे छापणे मला अप्रामाणिक वाटते.

हा विषय पुढे चालवणार असाल, तर ‘लेट’, ‘प्रेझेंटली’ यांसारख्या शब्दांना आधी जागा द्यावी आणि प्रत्येक शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आला ते संपूर्ण वाक्यासह छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा