ग्राफिक्स कार्ड ‘किती जीबी’ विचारून नव्हे, अर्धा तास चालवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसीचे (बारावीचे) निकाल लागले की इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबरोबर बेळगावात गेमिंग कॉम्प्युटरची चौकशी सुरू होते. गेमचे चित्र पडद्यावर उभे करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कार्ड किती जीबीचं?’ लाख-दोन लाखांची वस्तू या एका आकड्यावर घेतली जाते, म्हणून हे पत्र.

एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड १६ जीबी मेमरीत मिळते आणि आरटीएक्स ५०८० सुद्धा १६ जीबीचेच आहे. पण पहिल्यात ४६०८ कोअर (चित्राची गणिते करणारे छोटे घटक) आहेत, दुसऱ्यात १०७५२. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती हलवते, दुसऱ्याची ९६०. जीबी म्हणजे गोदामाची जागा. माल किती वेगाने आत-बाहेर होतो, ते त्यावरून कळत नाही.

दुसरी फसगत सरासरी एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची). सरासरी १२० दिसते, पण सर्वांत संथ एक टक्का फ्रेम ४५ वर घसरत असतील तर ऐन लढाईत चित्र अडखळणारच. म्हणून ‘एक टक्का लो’ हा आकडा मागून घ्या, तोही आपल्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनवरचा. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात. फुल एचडी मॉनिटरला याच मालिकेतले सर्वांत वरचे आरटीएक्स ५०९० जोडले तर बऱ्याच गेममध्ये प्रोसेसरच मागे पडतो आणि महागडे कार्ड वाट बघत बसते. शिवाय ते आकडे फ्रेम जनरेशन (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घालणे) बंद ठेवून मोजलेले हवेत. मूळ ३० फ्रेमच्या मध्ये तीन-तीन कृत्रिम फ्रेम घालून १२० दाखवता येतात, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद ३० फ्रेमचाच राहतो, किंचित जास्तच रेंगाळतो.

आता विजेचे. आमच्या मते सीमाभागात कार्डाची खरी परीक्षा इथेच होते. ५०९० एकटे ५७५ वॅटपर्यंत ओढते आणि कंपनीच १००० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) सांगते. ५०८० ला ३६० वॅट लागतात आणि ८५० वॅटचा एसएमपीएस. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो. गेम रंगात आला आणि खानापूरकडच्या पावसात वीज गेली, की तो शिट्टी मारून बंद पडतो आणि कॉम्प्युटरही त्याच्याबरोबर जातो. घरातल्या इन्व्हर्टरवर विसंबणेही बरोबर नाही. वीज तुटल्यावर पूर्ण भारावर चांगला एसएमपीएस १२ ते १७ मिलिसेकंदच तग धरतो आणि अनेक इन्व्हर्टर अदलाबदलीला त्याहून जास्त वेळ घेतात. ५०९० असेल तर दोन केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह यूपीएस आणि नीट अर्थिंग हा खर्च कार्डाच्या किमतीतच धरा. तेवढे पैसे नसतील तर कार्ड एक पायरी खालचे घ्या, यूपीएसमध्ये काटकसर नको.

कार्डाला वीज देणाऱ्या १६ पिनच्या पॉवर कनेक्टरबद्दल विशेष काळजी हवी. ६०० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर, सहा तारांत वाटले तर प्रत्येकीतून आठ अँपिअरच्या वर. कनेक्टर पुरता बसला नसेल तर काही पिनांवर जास्त भार येऊन प्लास्टिक वितळते. आधीच्या पिढीतल्या आरटीएक्स ४०९० च्या वेळी हे जगभर घडले. प्लग आणि कार्ड यांत फट दिसता कामा नये. तोंडापासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. हा जोड सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला असतो, तेव्हा उगाच काढून बघू नका. अपवाद एकच, कॉम्प्युटर गाडीतून गावी न्यायचा असेल तेव्हा. दोन किलोचे कार्ड स्लॉटवर लोंबकळत खड्ड्यांतून नेले तर स्लॉटच तुटतो. ते काढून त्याच्या खोक्यात घालूनच न्या.

दुकानात अर्धा तास मागा. आधी कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ‘आरओपी’चा (चित्राचे पिक्सेल शेवटी लिहिणाऱ्या भागांचा) आकडा बघा. ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६ हवेत. काही कार्डांत ते आठने कमी निघाले होते, एनव्हिडियाने २०२५ च्या फेब्रुवारीत तसे मान्यही केले. मग कॅबिनेटचे झाकण लावून थ्रीडीमार्क या चाचणी-प्रोग्रॅमची स्टील नोमॅड स्ट्रेस टेस्ट (कार्डावर सतत ताण देणारी चाचणी) लावा. २० फेऱ्यांत स्थिरता ९७ टक्क्यांच्या खाली गेली तर कार्ड तापून वेग सोडते आहे किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, असे समजा. झाकण उघडून पुन्हा चालवा. स्थिरता सुधारली तर दोष कॅबिनेटच्या हवेचा, नाही तर कार्डाचा. एसीतल्या २४ अंशांत कार्ड ७२ वर थांबले, तर मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत पंखे त्याच वेगाने फिरताना ते ८२-८३ वर जाईल, कारण खोलीच्या तापमानातला फरक जवळपास तसाच्या तसा कार्डावर चढतो.

जुने आरटीएक्स ३०९० स्वस्तात मिळते, २४ जीबी म्हणून मोहही होतो. यातली बरीच कार्डे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते करून ते चलन कमावणे) बंद पडेपर्यंत रात्रंदिवस चाललेली आहेत. याची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला असते आणि तिथले थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बरेचदा सुकलेले असतात. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘मेमरी जंक्शन’ (मेमरीचे आतले तापमान) बघत गेम वीस मिनिटे चालवा. ११० अंशांना टेकले की कार्ड वेग कमी करते. पॅड बदलून ते बरेचदा सुधारते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

निपाणी-चिकोडीकडचे ग्राहक कोल्हापूरला जातात. जीएसटीचा दर दोन्हीकडे एकच, त्यामुळे सीमा ओलांडून कर वाचत नाही. भावात फरक दिसला तर वॉरंटी भारतातली आहे का ते आधी विचारा, कारण परदेशातून आणलेल्या अनेक कार्डांना इथे ती मिळत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व कार्डावरच्या नंबराशी तिथेच जुळवा.

दुकानदारांनाही आमची विनंती आहे. ही अर्ध्या तासाची चाचणी ग्राहकाने मागायची वाट न पाहता स्वतःहून करून दाखवावी आणि तिचे आकडे बिलामागे लिहून द्यावेत.

कळावे,
कॉम्प्युटर जोडणी व दुरुस्ती करणारे काही जण,
टिळकवाडी, बेळगाव