गुड्डीची खोली बघण्याआधी

नागपूर, १४ जून

प्रिय चिमे,

तुझा निरोप काल मिळाला. गुड्डीला क्लाससाठी दोन वर्षं इथं ठेवायचं ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. शंकरनगर आणि बजाजनगर, दोन्हीकडे ओळखीच्यांना सांगून ठेवलं आहे. आठ हजारांत बरी खोली मिळेल. पण तुझं एक वाक्य वाचून मी थांबले. "मालक घरच्यासारखं लक्ष ठेवणारे असले म्हणजे झालं, येणं-जाणं बघणारे," असं तू लिहिलंस.

चिमे, मी तशाच घरात अकरा महिने काढले. प्रतापनगरची खोली का सोडली म्हणून तू मार्चपासून विचारतेस आणि मी दवाखाना लांब पडतो म्हणून सांगते. ते खरं नव्हतं.

मागच्या एप्रिलात ती खोली घेतली तेव्हा मीही तुझ्यासारखंच म्हटलं होतं. पहिला माळा, स्वतंत्र दार, खाली मालक. साठीचे, शांत बोलणारे. मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला बेटा. मला महिन्यातून दहा दिवस नाइट असते. "रात्रपाळी आहे ना, मी बघतो सगळं, काळजी करू नको," असं ते म्हणाले तेव्हा बरंच वाटलं.

मे महिन्यात एका सकाळी ड्यूटीवरून आले. कुलूप जसंच्या तसं. आत फरशी ओली. खिडकीतल्या कूलरचा वाळा बदललेला होता, त्याच्या काड्या खिडकीखाली पडल्या होत्या. तेवढ्याचं काही वाटलं नसतं. पण तशाच काड्या बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावर होत्या. एक आतसुद्धा होती, साबणाच्या खाली चिकटलेली. मी ती काडी हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. खाली जाऊन विचारलं तर म्हणाले, "नळाचं पाणी घेतलं बेटा, नवा वाळा भिजवावा लागते ना." लागतंच. नागपूरच्या उन्हात कूलरशिवाय कोण राहील, त्यांनी माझ्या सोयीचंच केलं होतं. भांडायला जागाच नव्हती. दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

मग जिन्यात कॅमेरा आला. तो फाटकाकडे नव्हता, थेट माझ्या दारासमोर, चपलांच्या रॅकच्या वर होता. चोऱ्या वाढल्या म्हणे. पुढं एक दिवस ते म्हणाले, "आई येणार आहे म्हणे आठ दिवस? पाण्याचं बघा लागेल." आईचं येणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री फक्त आईशी फोनवर बोलले होते, दारात उभी राहून, कारण रेंज तिथंच येते. दवाखान्यात कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ताई, आजकालच्या साध्या वायफाय कॅमेऱ्यातही माइक असतो, मालक मोबाइलवर बघतोही आणि ऐकतोही. आईशी केलेलं सगळं बोलणं मी आठवून पाहिलं. पगाराचं, तिच्या गुडघ्यांचं, माझ्या लग्नाच्या गोष्टीचं.

जिन्याचा उलगडा झाला. पण "काल जेवली नाहीस का, दिवसभर झोपूनच होतीस," हे त्यांना कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही. अंदाजानं बोलले असतील. मी खोली पूर्ण शोधली. अंधार करून मोबाइलच्या समोरच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यातून एकेक कोपरा पाहिला. रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा जो उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, तो मोबाइलमध्ये बरेचदा ठिपक्यासारखा दिसतो. आपला मोबाइल तो पकडतो की नाही, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर बघून घ्यायचं. मग टॉर्च डोळ्यांजवळ धरून जाळी, प्लग, घड्याळ, एक्झॉस्टची खाच, सगळ्यांवर हळूहळू फिरवली, भिंग असेल तर चमकतं. काही सापडलं नाही. तरी पुढचे पाच महिने मी बाथरूमचा दिवा बंद करून, चाचपडत कपडे बदलले. स्वतःच्या खोलीत, वेळेवर किराया देऊन.

आणि हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नोकरी सोड आणि घरी ये. ही भीती कॅमेऱ्यापेक्षा मोठी होती बघ.

शेवटी एका वॉर्डातल्या सिस्टरनं मला सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. मला हे चाळिशीला टेकल्यावर कळलं! तिथल्या वकीलबाईंनी आधी माझा करार वाचला. काकाजी मला नेहमी म्हणायचे की तू किरायदार नाहीस, लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीवर आहेस, ताबा माझाच, मी केव्हाही येऊ शकतो. वकीलबाईंनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ उघडून कलम २८ दाखवलं. मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. आणि त्यात लायसन्सवर राहणाराही येतो, तसं स्पष्ट लिहिलंच आहे. दुसरी किल्ली असणं म्हणजे हवं तेव्हा आत येण्याची मुभा नव्हे.

कॅमेऱ्याचंही त्यांनी नीट समजावलं. फाटकावर, पार्किंगमध्ये सुरक्षेसाठी कॅमेरा लावला तर तक्रार करू नको. पण एखाद्या बाईला कपडे बदलताना, आंघोळ करताना चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं कैद. संमतीवाचून कोणाच्या खासगी अंगाचं चित्र टिपणं किंवा पसरवणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-ई वेगळंच आहे. आणि खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ लाच सांगितलं आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या भांडणात कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ठरवलं की सोबत राहणाऱ्याच्या संमतीवाचून घराच्या आत कॅमेरे चालवता येणार नाहीत. घरातल्या माणसालाही मुभा नाही, मग मालक तर परकाच.

मी काकाजींना साधं पत्र लिहिलं. कॅमेरा माझ्या दारावरून फिरवा, आवाज बंद करा, येण्याआधी सांगा. एक प्रत ठेवली, व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला. दोन दिवसांत कॅमेरा फाटकाकडे वळला. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टाकीची मोटर बिघडली. खाली मात्र अंगणात सडा पडत होता. मी दवाखान्यातून पाण्याचे कॅन आणले. मग त्याच भाडे कायद्याचं कलम २९ लिहून पाठवलं, पाणी-वीज असं तोडता येत नाही म्हणून, त्याच संध्याकाळी मोटर दुरुस्त झाली. करार संपला तशी मी निघाले. वीस हजारांच्या डिपॉझिटमधले सहा हजार रंगकामात गेले. त्यासाठी लढले नाही, लढायला हवं होतं.

सगळे मालक असे नसतात. आता राहते तिथल्या काकू वर यायच्या आधी खालून हाक मारतात, मी ओ दिल्याशिवाय पायरी चढत नाहीत. मला काही झालं तर धावून येणाऱ्या त्याच आहेत. लक्ष ठेवणं म्हणजे हे, चिमे. पाळत ठेवणं निराळं. गुड्डी सतरा वर्षांची आहे, तिला या दोन्हीतला फरक आपणच सांगायला हवा.

तेव्हा खोली ठरवताना मी करार नोंदवायलाच लावणार. ती जबाबदारी कायद्यानं मालकाचीच आहे, आणि करार नोंदवला नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर किरायदाराचं म्हणणं आधी खरं धरतात, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. त्यात एक ओळ घालून घेऊ, सांगितल्याशिवाय खोलीत कोणी येणार नाही. दुसऱ्या किल्लीबद्दल तोंडावर विचारू. ज्याला हा प्रश्न झोंबेल त्याची खोली घ्यायचीच नाही. आणि कधी काही सापडलंच तर गुड्डीनं त्याला हात लावायचा नाही, काढायचं नाही. जागेवरच फोटो काढायचा, बाहेर पडायचं, ११२ ला फोन आणि मग मला. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार घेतात, हद्द कोणाची हे नंतर बघतात.

तुझ्याकडून मला एकच हवं आहे. गुड्डीला माझ्यासमोर सांग, की काहीही खटकलं तर बोल, आम्ही खोली बदलू, क्लास सोडायला लावणार नाही. तुझ्या तोंडून सांग. माझ्या आईनं मला हे सांगितलं असतं तर मी पाच महिने अंधारात कपडे बदलले नसते.

शनिवारी दुपारच्या गाडीनं दोघी या. बजाजनगरची एक खोली मला पसंत आहे. सकाळी बघायला बोलावलं होतं, मी संध्याकाळी साडेसातची वेळ घेतली. दिवा बंद करूनच बघू.

तुझीच,
मंदी